बाहुबलीच्या पहिल्या हंगामाचा पंचनामा

जोयडा तालुक्यात मोजमापाची स्वतंत्र व्यवस्था आहे. रस्ता किलोमीटरमध्ये सांगितला तर ऐकणाऱ्याला काही बोध होत नाही. 'दोन घाट, एक नाका आणि मधे गवे आडवे आले नाहीत तर दीड तास' असं सांगावं लागतं. मोबाइलची रेंज दांड्यांवर नाही, जागेवर ठरते. अमक्याच्या फणसाखाली बोलणं होतं, तमक्याच्या कुंपणापाशी नुसता मेसेज जातो. एकच आकडा तालुक्याला मीटरसकट पाठ आहे : सुपा धरण १०१ मीटर उंच. त्या धरणाच्या पाण्याखाली जुनं सुपा गाव गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं आणि बरीच बिऱ्हाडं रामनगरला येऊन वसली. ज्या आकड्यापायी घर सोडावं लागलं, तो लक्षात ठेवायला वही लागत नाही.

अशा या रामनगरात २०१९च्या मे महिन्यात माझा भाचा पुण्याहून लॅपटॉप घेऊन आला. आंबे खाऊन झाले, फणस फोडून झाला, आणि मग हाताचा चीक खोबरेल तेलाने काढता काढता तो म्हणाला, "मामा, सिद्धार्थ देसाईच्या पहिल्या सीझनचं आपण नीट ॲनालिसिस करूया. एक कोटी पंचेचाळीस लाख हा रेट बरोबर आहे का ते काढू."

रेट हा विषय निघाला म्हटल्यावर ओसरीवर माणसं जमायला वेळ लागत नाही.

ज्यांना कबड्डीचं वावडं आहे त्यांच्यासाठी मागचं थोडक्यात सांगतो. प्रो कबड्डीचा सहावा हंगाम ७ ऑक्टोबर २०१८ला सुरू झाला. त्याच दिवशी यू मुंबा आणि पुणेरी पलटण यांचा सामना ३२-३२ असा बरोबरीत सुटला, आणि त्या सामन्यात मुंबाकडून एका नव्या, उंचापुऱ्या, लांब हाताच्या पोराने पदार्पणातच सुपर टेन केला. म्हणजे चढाईचे दहा किंवा अधिक गुण घेतले. पोरगा चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. मुंबाने लिलावात त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं होतं. चार सामन्यांत त्याचे चढाईचे पन्नास गुण झाले. इतक्या लवकर तिथवर कुणी पोचलं नव्हतं. लोक त्याला बाहुबली म्हणू लागले. हंगाम संपला तेव्हा २१ सामन्यांत चढाईचे २१८ आणि पकडीचे ३ असे एकूण २२१ गुण त्याच्या नावावर होते, आणि सर्वोत्तम नवोदिताचं बक्षीसही. पुढच्या एप्रिलात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना उचललं. त्या लिलावातली ही सगळ्यात मोठी बोली होती.

आता चंदगड महाराष्ट्रात, आम्ही कर्नाटकात, आणि मधे अख्खं खानापूर आणि बेळगाव. पण नात्यागोत्याला सीमाप्रश्न लागू नाही. डिसेंबरपर्यंत रामनगर, जगलबेट, कॅसलरॉक या पट्ट्यात देसायांचे इतके सोयरे निघाले, की प्रत्येकाने नुसता आहेर केला असता तरी लिलावाची गरज पडली नसती. कुणाची आत्या चंदगडला दिलेली. कुणाचा मेव्हणा हलकर्णीच्या बाजाराला जातो. एकाने तर, त्याच्या ट्रॅक्टरचं टायर त्या तालुक्यातून आणलेलं आहे, एवढ्या आधारावर 'आपला सिद्धू' असं म्हणायला सुरुवात केली.

भाचा पुण्यात डेटाचं काम करतो. नेमकं काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. ती 'कंपनीत आहे' म्हणते आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा टाकते. तिकडे तो रात्री जागून अमेरिकन फुटबॉल बघतो. त्या खेळात क्वार्टरबॅक म्हणून एक प्रकार असतो. चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि समोरचे दांडगे अंगावर यायच्या आत, दोन-तीन सेकंदांत, तो कुणाकडे फेकायचा हे त्याने ठरवायचं असतं. लग्नातल्या आचाऱ्यासारखं आहे : जेवण जमलं तर यजमानाचं कौतुक, बिघडलं तर आचाऱ्याला शिव्या. फरक इतकाच की क्वार्टरबॅकला कौतुकही मिळतं, पैसेही मिळतात. तर असा नवा क्वार्टरबॅक संघात आला, की त्याच्या पहिल्या हंगामाचं तिकडचे लोक शवविच्छेदन करतात म्हणे.

"म्हणजे कसं?" असं विचारलं आमच्या पंचांनी. हे एक निवृत्त गृहस्थ आहेत. उभ्या आयुष्यात गावोगावच्या कबड्डी स्पर्धांत त्यांनी शिट्टी वाजवली. गावात त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही, पंचच म्हणतात. घरातही बहुधा तेच असावं.

भाच्याने सांगितलं, की तिकडे १९७३पासून पासर रेटिंग नावाचं एक सूत्र आहे. किती फेकले, किती झेलले गेले, किती यार्ड मिळाले, किती शत्रूच्या हातात पडले, हे सगळं त्यात घातलं की खालून एक आकडा बाहेर येतो.

"शंभरपैकी?"

"नाही. पैकीच्या पैकी म्हणजे १५८.३."

पंच बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे विद्यापीठानं काढलेलं दिसतंय."

भाच्याने मान्य केलं, की हे सूत्र आता जुनं झालं. आता 'अपेक्षित गुण' मोजतात. ती कल्पना मात्र मला मनापासून आवडली. मैदानावरची प्रत्येक परिस्थिती घ्यायची. आजवरच्या हजारो सामन्यांत अशी परिस्थिती असताना पुढे सरासरी किती गुण मिळाले, ते बघायचं. खेळी व्हायच्या आधी ती अपेक्षा किती होती आणि नंतर किती झाली, यातला फरक म्हणजे त्या खेळीची खरी किंमत. शेवटच्या संधीला चार यार्ड हवे असताना पाच मिळवणं लाखमोलाचं. दहा हवे असताना तेच पाच यार्ड म्हणजे नुसती अंगमेहनत. यार्ड तेवढेच, वहीत नोंदही तीच, मोल वेगळं.

पंचांनी मांडी बदलली. "खरं, हे आमास्नी ठावं हाय की. सात गडी उभे असताना एका पोराला हात लावून आलेला गुण, आणि दोघंच उरलेत तवा दोघांनाबी बाद करून लोण चढवलेला गुण, ह्यो एक न्हवंच. खरं वहीत रेघ सारखीच पडतीया."

पुण्याहून लॅपटॉप आणून ज्या जागी पोचायचं, तिथे हे गृहस्थ तंबाखू मळत आधीच येऊन बसले होते.

मग भाच्याने कबड्डीचे रकाने उघडले. चढाया किती, यशस्वी किती, बाद किती, शून्य चढाया किती. तीस सेकंदांची चढाई करून कुणालाही न शिवता, स्वतः बाद न होता परत आलं की ती शून्य चढाई. लागोपाठ दोन शून्य गेल्या की तिसरी 'करो या मरो', म्हणजे गुण घेऊन ये नाहीतर बाहेर बस. एका चढाईत तीन किंवा अधिक गुण म्हणजे सुपर रेड. तीन किंवा कमी गडी उरले असताना त्यांनी चढाईपटूला धरलं तर पकडीचा एक गुण जास्त. हे सगळं एक्सेलमध्ये हिरव्या-लाल रंगात मांडलं होतं. शून्य चढायांचा रकाना लाल होता.

इथे वादाला तोंड फुटलं. पंचांचं म्हणणं, शून्य चढाईला लाल रंग देणारा माणूस कधी मैदानाच्या कडेला उभा राहिलेला नाही. आपण चार गुणांनी पुढे आहोत, दोन मिनिटं उरली आहेत, तेव्हा मध्यरेषा ओलांडायची, निदानरेषेपुढे पाय टाकायचा, तिथल्या तिथे डुलत तीस सेकंद खायचे आणि अंगाला माती न लागता परत यायचं, ही शून्य चढाई म्हणजे कसब आहे. त्याला लाल रंग?

भाचा उसळून म्हणाला, "अमेरिकेतही हेच होतं, मामा. सामना जिंकलेला असतो, वेळ घालवायचा म्हणून क्वार्टरबॅक चेंडू घेऊन गुडघा टेकतो. तर नियमाप्रमाणे ती धाव धरतात आणि त्याच्या नावावर यार्ड वजा करतात."

"जिंकूनबी वजा?"

"हो."

पंचांना त्या दिवसापासून अमेरिकेबद्दल जी सहानुभूती वाटू लागली, ती आजतागायत आहे.

आमच्या भागातल्या स्पर्धांत आकडेशास्त्र नाही, असं कुणी समजू नये. भात कापून शेतं मोकळी झाली की स्पर्धा लागतात. मैदान सपाट करून फक्कीने रेषा मारलेल्या असतात. त्या पहिल्या दोन सामन्यांत पुसल्या जातात आणि पुढचं सगळं पंचांच्या स्मरणशक्तीवर चालतं. दोन बांबूंवर हॅलोजन, त्याभोवती किडे, टेबलावर ढाल आणि नारळ. गुणलेखकाच्या वहीत एकेक संघाच्या नावापुढे एक ते पन्नास आकडे छापल्यासारखे लिहिलेले. गुण मिळाला की त्या आकड्यावर तिरकी रेघ. चढाईपटूने गुण कसा मिळवला, पायाने का हाताने, कोपऱ्याला शिवून का मधल्याला, याची नोंद नाही. ती नोंद भोंग्यावर बोलणारा करतो, आणि तो ज्या गावचा असेल त्या गावाच्या बाजूने करतो.

आणि खरी आकडेमोड सामन्याआधी होते. स्पर्धा वजनी गटाची असते. साठ किलोच्या गटात खेळायला आलेला गडी सकाळपासून उपाशी असतो, पाणीसुद्धा पीत नाही, आणि रेशन दुकानातून आणलेल्या काट्यावर श्वास रोखून उभा राहतो. काटा साठच्या पुढे जाऊन थरथरत थांबला, की बनियन काढतो. तरी भागलं नाही तर करदोटा. वजन पास झालं की तोच गडी कडेला जाऊन सहा केळी आणि एक लिटर पाणी पोटात ढकलतो आणि मैदानात उतरतो तो तिसऱ्याच गटातला होऊन. कुठल्याही विश्लेषकाने या केळ्यांचा रकाना अजून काढलेला नाही.

असो. पंचांचा मुख्य आक्षेप यापुढचा होता, आणि या सगळ्या गप्पांत मला तोच सगळ्यात मोलाचा वाटला.

त्यांनी विचारलं, "तुज्या ह्या यंत्रात, गडी बाकावर किती येळ बसला ते हाय काय?"

नव्हतं.

कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो, आणि त्याच्या संघाने समोरचा एक गडी बाद केला की बाद झालेल्यांपैकी पहिला आत येतो. म्हणजे नावाजलेला चढाईपटू पकडला गेला की त्याचं पुढचं आयुष्य दुसऱ्यांच्या हातात. कुणीतरी पकड करायची, कुणीतरी साधा गुण आणायचा, तेव्हा हे महाराज आत. सहाव्या हंगामात यू मुंबाचा कप्तान होता इराणचा फझल अत्राचली, डावा कोपरा, एक कोटीला घेतलेला. तो समोरच्याचा घोटा धरून बसला की मुंबाला गुण मिळायचाच, शिवाय बाकावरचा सिद्धार्थ आत यायचा. मग त्या २१८मधले काही गुण फझलच्या खात्यात जायला नकोत काय? क्वार्टरबॅकचंही तसंच. पुढचे पाच धिप्पाड गडी अंगावर येणाऱ्यांना अडवून धरतात म्हणून याला फेकायला सवड मिळते. त्या पाचांची नावं त्यांच्या गावच्या बाहेर कुणाला ठाऊक नसतात. पेटन मॅनिंग नावाचा एक होता. १९९८ साली पहिल्या हंगामात त्याने २८ चेंडू शत्रूच्या हातात फेकले, सोळापैकी तीन सामने जिंकले. आमच्याकडे असता तर दुसऱ्या वर्षी त्याला पाणी द्यायला ठेवलं असतं. तो पुढे पाच वेळा हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मॅनिंगची गोष्ट ऐकून ओसरीवरच्या एकाने विचारलं, "मग पयला सीझन बगून कायबी कळत न्हाई म्हणायचं?" भाचा गप्प. आकडेवाल्याला गप्प करणं फारच सोपं असतं. 'कळत नाही' हे उत्तर त्याला कंपनीत देता येत नाही, आणि आमच्यासारख्यांपुढे देववत नाही.

पण त्याने रात्री जेवणानंतर एक चांगली गोष्ट काढली, ती इथे सांगायलाच हवी. चढाईचे २१८ गुण २१ सामन्यांत, म्हणजे सामन्याला दहाच्या थोडे वर. त्यातले पहिले पन्नास पहिल्या चारच सामन्यांत, म्हणजे सामन्याला बारा-साडेबारा. हे चार बाजूला काढले, तर उरलेल्या सतरा सामन्यांत सरासरी दहाच्या किंचित आत येते. कारण उघड आहे. पहिल्या चार सामन्यांत तो कुणाला माहीत नव्हता. त्याचा हात किती लांब पोचतो, कुठल्या पायावर वळतो, धरल्यावर मध्यरेषेपर्यंत किती जणांना ओढत नेतो, हे समोरच्या कोपऱ्यांना अंगावर घेऊन शिकावं लागलं. पाचव्या सामन्यापासून प्रतिस्पर्ध्यांचे प्रशिक्षकही रात्री व्हिडिओ लावून बसले असणार. भाच्याचं म्हणणं असं, की टायटन्सने कोटीची बोली पहिल्या चार सामन्यांवर लावली आहे आणि त्यांना माल मिळणार आहे उरलेल्या सतरांचा.

आमच्याकडे देवळात पावणी होते. कुणी केळीचा घड आणून देवाला देतो, मग त्याचा लिलाव. घड बाजारात दीडशेचा. पण पहिली बोली कोण लावतो, मुंबईहून आलेला चाकरमानी गर्दीत उभा आहे का, आणि त्याची सासुरवाडी बघते आहे का, यावर तो तीन हजारांपर्यंत जातो. केळी तीच. कबड्डीच्या लिलावात सासुरवाडी नसते. पण कॅमेरे असतात, आणि ते पुरतात.

पुढे काय झालं ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. २०१९चा सातवा हंगाम. तेलुगू टायटन्सकडून सिद्धार्थने २२ सामन्यांत चढाईचे २१७ गुण घेतले. आधी २१८, मग २१७. सामन्याला ९.८६. भाच्याने मे महिन्यात उरलेल्या सतरा सामन्यांची जी सरासरी काढली होती, जवळपास तीच. टायटन्स मात्र बारा संघांत अकरावे आले, आणि लगेच टपरीवर सुरू झालं, 'पोरगं पैशानं बिघडलं', 'दुसऱ्या वर्षी उतरला', 'डोक्यात हवा गेली'. एका गुणाने कुणाच्या डोक्यात किती हवा मावते?

भाच्याने फोनवर मला नवाच रकाना सांगितला : गुणामागे रुपये. सहाव्या हंगामात चढाईचा एक गुण यू मुंबाला साधारण १६,७०० रुपयांना पडला. सातव्यात तेलुगू टायटन्सला तोच गुण ६६,८०० रुपयांच्या वर पडला. गडी तोच, हात तेवढेच लांब. उतरला कोण? कुणीच नाही. चढला तो फक्त भाव.

त्याच दोन वर्षांत दुसराही नवोदित होता, दबंग दिल्लीचा नवीन कुमार. सहाव्या हंगामात त्याचे गुण सिद्धार्थपेक्षा बरेच कमी होते. सातव्यात त्याने चढाईचे ३०१ घेतले आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू झाला. पहिल्या हंगामाच्या आकड्यांवरून या दोघांचा क्रम लावणारे सगळे तोंडघशी पडले असते. आणि पवन सेहरावत, जो सहाव्या हंगामात २७१ गुणांसह सगळ्यांच्या पुढे होता आणि अंतिम सामन्यात एकट्याने २२ गुण घेऊन बेंगळुरू बुल्सला विजेतेपद देऊन गेला, तो काही नवा नव्हता. आधीचे हंगाम त्याने बरेचसे बाकावर, दुसऱ्यांच्या मागे काढले होते. बाकावरच्या वेळेचा पंचांचा मुद्दा इथेही येतो, फक्त उलट्या अंगाने.

आठव्या हंगामात सिद्धार्थ दुखापतीमुळे बहुतेक काळ बाहेर राहिला. तेव्हा आमच्याकडचे त्याचे आत्ये-मामे-मावस सोयरेही हळूहळू पांगले. टायरवाला आता 'चंदगडचा तो' म्हणतो. दहाव्या हंगामात हरियाणा स्टीलर्सकडून तो परत रंगात आला आणि संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. १ मार्च २०२४ला पुणेरी पलटणने त्यांना २८-२५ असं हरवलं. तो सामना आम्ही रामनगरात बघितला. एका बाजूला सिद्धार्थ, दुसऱ्या बाजूला कप्तान अस्लम इनामदार आणि त्याची पुणेरी पोरं. अर्धी टपरी एकीकडे, अर्धी दुसरीकडे आणि टपरीवाला दोन्हीकडे, कारण उधारी दोन्हीकडे होती.

माझा निकाल विचाराल तर देतो. सिद्धार्थ देसाईचा पहिला हंगाम अव्वल होता. दुसराही तेवढाच अव्वल होता, आणि तो पडला म्हणणाऱ्यांनी २१८मधून २१७ वजा करून दाखवावेत. मात्र नव्या गड्यावर बोली लावताना पहिले चार सामने काढून ठेवून उरलेल्यांवर लावावी, एवढं त्या मे महिन्यात आमच्या ओसरीवर फुकट मिळत होतं. पंचांना हा निकाल अर्धाच मान्य आहे. त्यांच्या मते बाकावरची मिनिटं धरल्याशिवाय पंचनाम्यावर सही करता येत नाही. तेव्हा सहाव्या हंगामाच्या त्या २१ सामन्यांत सिद्धार्थ बाद होऊन एकूण किती वेळ बाहेर बसला, आणि दर वेळी कुणाच्या पकडीने आत आला, याचा हिशेब वाचकांपैकी कुणी ठेवला असेल तर जरूर पाठवावा. भाच्याने एक्सेलमध्ये रकाना मोकळा सोडला आहे.